काळी वायर इथे न्यूट्रल, तिथे फेज : परदेशी मशीन जोडताना रंग कसे वाचायचे

चिनी बनावटीच्या मशीनची पाच कोअरची केबल सोलली की आतून पिवळी, हिरवी, लाल, निळी आणि हिरवी-पिवळी पट्ट्यांची अशा पाच वायरी निघतात. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या वायरमनचा हात सवयीने लाल, पिवळ्या आणि निळ्या वायरीकडे जातो, कारण आपल्याकडे आर-वाय-बी म्हणजे हेच तीन रंग. उरलेली हिरवी अर्थिंगची आणि हिरवी-पिवळीही अर्थिंगचीच, म्हणून दोन्ही मिळून अर्थिंगच्या बोल्टला. जोडणी दिसायला अगदी बरोबर दिसते.

त्या मशीनमध्ये मात्र पिवळी, हिरवी आणि लाल हे तीन फेज आहेत आणि निळी न्यूट्रल आहे. म्हणजे न्यूट्रलच्या जागी बी फेज गेला आणि मधल्या फेजचे टोक बॉडीला बांधले गेले. मेन ऑन केला की कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचच्या) ज्या कॉइलला २३० व्होल्ट मिळायचे तिला ४१५ मिळतात. कॉइल, टायमर, पॉवर सप्लाय एका क्षणात जातात. मोटर सुरू झालीच तर तिचा करंट अर्थिंगमधून परत जाऊ लागतो, आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा असेल तर मशीनच्या बॉडीवरच व्होल्टेज चढते. ईएलसीबी (अर्थिंगकडे होणारी गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर ट्रिप होईल. नसेल तर मशीनला हात लावणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

मिरज, कुपवाड, पलूस, शिरवळ, कराडजवळचे तासवडे या पट्ट्यात सेकंडहँड जपानी सीएनसी, जर्मन लेथ, चिनी लेझर कटिंग, पॅकिंगची मशीन असे सगळे काही येते. द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बाहेरचे कंप्रेसर बसतात. प्रत्येक देशाने रंगांचे आपले नियम केलेले आहेत आणि मशीन ते नियम सोबत घेऊन येते. म्हणून जोडणी ठरवायची ती टर्मिनलवरच्या अक्षरांवरून आणि मीटरच्या आकड्यांवरून. रंगाने फक्त अंदाज बांधायचा.

आधी आपले रंग

आयएस ७३२ या भारतीय मानकानुसार चालत आलेली पद्धत सगळ्यांना पाठ आहे: तीन फेज लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवे किंवा हिरवे-पिवळे. सिंगल फेजला लाल फेज आणि काळा न्यूट्रल.

पण घरातल्याच मिक्सरची किंवा इस्त्रीची दोरी उघडली तर आत तपकिरी, फिकट निळी आणि हिरवी-पिवळी निघते. उपकरणांच्या लवचिक दोरीला आंतरराष्ट्रीय रंग आणि भिंतीतल्या वायरिंगला जुने ब्रिटिश वळणाचे रंग, असे दोन्ही आपल्या एकाच घरात नांदतात. प्लग टॉप बसवताना तपकिरी वायर ‘एल’ला, निळी ‘एन’ला आणि हिरवी-पिवळी मोठ्या पिनेला जाते. सॉकेट समोरून पाहिले तर वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजवे फेजचे आणि डावे न्यूट्रलचे. निळी दिसली म्हणून तिला फेज समजण्याची चूक इथूनच सुरू होते.

सोलर पंपाच्या पॅनेलकडून येणाऱ्या लाल-काळ्या वायरी हा आणखी वेगळा प्रकार आहे. तिथे लाल म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे मायनस. काळीला न्यूट्रल समजून हात लावू नका. ऊन असेपर्यंत पॅनेलचे व्होल्टेज कुठल्याही स्विचने पूर्ण बंद होत नाही.

देशोदेशीचे रंग आणि त्यातले सापळे

युरोप आणि आजचे ब्रिटन: तीन फेज तपकिरी, काळा, करडा, न्यूट्रल निळा, अर्थिंग हिरवे-पिवळे. आपल्या दृष्टीने हाच सगळ्यात फसवा संच. आपला न्यूट्रलचा काळा तिथे दुसरा फेज आहे आणि आपला बी फेजचा निळा तिथे न्यूट्रल आहे. नेमके दोन रंग अदलाबदल झालेले. ब्रिटनमध्ये ३१ मार्च २००४ पर्यंत आपल्यासारखेच लाल-पिवळा-निळा-काळा होते. मग दोन वर्षे दोन्ही चालले आणि १ एप्रिल २००६ पासून नव्या कामाला फक्त नवे रंग. त्यामुळे ब्रिटिश मशीन आले तर बनावटीचे वर्ष आधी पाहायचे. जिथे जुने आणि नवे वायरिंग एकत्र राहिले तिथे बोर्डावर इशाऱ्याची पट्टी लावणे ब्रिटनने सक्तीचे केले. तशी पट्टी आपणही लावायची आहे, ते पुढे येईल.

जुने जर्मन मशीन, म्हणजे साधारण १९६५ च्या आधीचे, आणखी धोक्याचे. त्या काळी तिथे काळा फेज, करडा न्यूट्रल आणि लाल रंग चक्क अर्थिंगचा होता. आपल्या हिशेबाने लाल म्हणजे फेज. एवढ्या जुन्या लेथ किंवा मिलिंगमध्ये मूळ वायरिंग राहिले असेल तर ते वापरात ठेवू नका, नवे ओढा.

अमेरिका: न्यूट्रल पांढरा किंवा करडा, अर्थिंग हिरवे, हिरवे-पिवळे किंवा उघडी तांब्याची तार. फेजला कायद्याने ठरवून दिलेला रंग नाही, पण प्रघात असा की १२०/२०८ व्होल्टला काळा, लाल, निळा आणि २७७/४८० व्होल्टला तपकिरी, नारिंगी, पिवळा. युरोपात करडा म्हणजे तिसरा फेज, अमेरिकेत करडा म्हणजे न्यूट्रल, हे लक्षात असू द्या. उपकरणाच्या सॉकेटवर पितळी रंगाचा स्क्रू फेजचा, चंदेरी न्यूट्रलचा आणि हिरवा अर्थिंगचा. कॅनडात तीन फेज लाल, काळा, निळा आणि न्यूट्रल पांढरा.

अमेरिकन सिंगल फेज उपकरणात काळी वायर न्यूट्रलला जोडली आणि पांढरी फेजला, तरी उपकरण चालते, आणि म्हणूनच ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही. फरक असा पडतो की स्विच आणि फ्यूज आता न्यूट्रलमध्ये आले. स्विच बंद केला, फ्यूज उडाला, तरी आत फेज जिवंत आहे.

जपान: सिंगल फेजला काळा फेज आणि पांढरा न्यूट्रल. थ्री फेजला मात्र सर्रास लाल, पांढरा, काळा असे तिन्ही फेज, म्हणजे तोच पांढरा इथे फेज झाला. टर्मिनलवर आर, एस, टी असते. अर्थिंग हिरवे.

चीन: पिवळा, हिरवा, लाल फेज, फिकट निळा न्यूट्रल, हिरवे-पिवळे अर्थिंग. नुसता हिरवा आणि पट्ट्यांचा हिरवा-पिवळा यांत तिथे जीवन-मरणाचा फरक आहे.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये लाल, पांढरा, निळा फेज आणि काळा न्यूट्रल. दक्षिण आफ्रिकेत लाल, पिवळा, निळा, काळा. हे आपल्याजवळचे, तिथे गोंधळ कमी.

या सगळ्या यादीत एकच रंग भरवशाचा म्हणता येईल: हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची वायर. पट्टे अशासाठी की लाल-हिरव्यातला फरक ज्याला दिसत नाही त्यालाही, आणि अंधाऱ्या पॅनेलमध्येही, ती ओळखू यावी. दोन्हींपैकी कुठलाही रंग वायरीच्या पृष्ठभागाच्या ३० टक्क्यांहून कमी आणि ७० टक्क्यांहून जास्त नसावा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण मधल्या कोणा मालकाने वायर कमी पडली म्हणून तीच फेजला वापरली असेल, तर? म्हणून तीही मीटरने तपासायचीच.

जोडण्याआधी हाताशी काय हवे

कॅट-३ या सुरक्षा श्रेणीचा ६०० व्होल्टचा मल्टिमीटर, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारे मीटर), फेज सिक्वेन्स मीटर (तीन फेजचा क्रम दाखवणारे), क्रिंपिंग टूल, केबलच्या मापाचे लग, नंबरचे फेरूल, आणि लाल, पिवळ्या, निळ्या, काळ्या, हिरव्या-पिवळ्या रंगाचे हीट श्रिंक स्लीव्ह. नुसत्या निऑन टेस्टरवर हे काम करू नका. तो तुटलेल्या न्यूट्रलवरही पेटतो, शेजारच्या वायरीच्या इंडक्शननेही मिणमिणतो आणि भर उन्हात पेटलेला दिसतही नाही. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचे आहे. मालकाने सोबत उभे राहून आकडे वहीत लिहून घ्यावेत.

पायरी १: नेमप्लेट

व्होल्टेज, फेज, हर्ट्झ, केव्हीए, वर्ष आणि देश उतरवून घ्या. रंगाच्या आधी व्होल्टेजचा प्रश्न सुटला पाहिजे, कारण जपानी मशीन बहुतेक वेळा २०० किंवा २२० व्होल्ट थ्री फेजचे असते. त्याला ४१५ थेट दिले तर रंग बरोबर जोडूनही सगळे जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. १५ केव्हीएचे मशीन २०० व्होल्टला सुमारे ४३ अँपिअर घेते, तर ट्रान्सफॉर्मरच्या ४१५ व्होल्टच्या बाजूला सुमारे २१. दोन्ही बाजूंच्या केबल त्यामुळे वेगवेगळ्या मापाच्या येतात. ट्रान्सफॉर्मर २० केव्हीएचा घ्या, म्हणजे सुरुवातीच्या धक्क्याला व्होल्टेज बसणार नाही.

४८० व्होल्ट, ६० हर्ट्झची अमेरिकन मोटर ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झवर साधारण ठीक चालते, पण वेग सहाव्या हिश्शाने उतरतो: १७५० आरपीएमची मोटर १४५८ च्या आसपास फिरेल. पंप आणि पंख्याला हे चालून जाते, कटिंगच्या स्पिंडलला फीडचे हिशेब बदलावे लागतात. १२०/२४० व्होल्टच्या अमेरिकन सिंगल फेज उपकरणात काळी आणि लाल अशा दोन जिवंत वायरी असतात, त्यांच्यामध्ये २४० आणि प्रत्येकीपासून पांढरीपर्यंत १२०. आपला फेज काळीला आणि न्यूट्रल पांढरीला दिला तर १२० च्या भागावर २३० बसतात. अशा उपकरणाला मध्ये टॅप असलेला १२०-०-१२० ट्रान्सफॉर्मरच हवा.

पायरी २: बंद करा आणि बंद असल्याची खात्री करा

मेन स्विच बंद, कुलूप, पाटी. मीटर आधी चालू असल्याचे माहीत असलेल्या सॉकेटवर तपासा, मग मशीनच्या टर्मिनलवर, मग पुन्हा त्याच सॉकेटवर. मधल्या वेळेत मीटरच बंद पडला असेल तर तो शून्य दाखवेल, म्हणून ही तीन वेळची तपासणी. ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) असलेल्या मशीनमध्ये कपॅसिटर भरलेले राहतात. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटे थांबा, लिहिले नसेल तर १० मिनिटे, आणि डीसी बसवर मोजून मगच हात घाला.

पायरी ३: अर्थिंगची वायर शोधा

मीटर ओहमवर ठेवा. एक टोक रंग खरवडलेल्या बॉडीवर किंवा अर्थिंगच्या बोल्टवर, दुसरे केबलच्या एकेका वायरीला. खऱ्या अर्थिंगची वायर ओहमच्या अपूर्णांकात येते. दुसरी कुठलीही वायर बॉडीशी अशी जुळली तर थांबा. एक तर मधल्या कोणी न्यूट्रल आणि अर्थिंग मशीनमध्येच बांधले आहे, नाही तर इन्सुलेशन गेले आहे. न्यूट्रल-अर्थिंगचा असा पूल आत राहिला की ईएलसीबी सारखा ट्रिप होतो, आणि मग कोणी तरी ईएलसीबीच काढून टाकतो. पूल काढा, ईएलसीबी राहू द्या.

चिनी मशीनमध्ये नुसती हिरवी वायर बॉडीशी जुळत नाही, हे इथेच उघड होते. दोन मिनिटांची ही तपासणी सुरुवातीला सांगितलेला सगळा अनर्थ टाळते.

पायरी ४: बाकीच्या वायरी टर्मिनलपर्यंत पोहोचवा

मशीनच्या आत एल१, एल२, एल३ (फेज), एन (न्यूट्रल), पीई (अर्थिंग) किंवा आर, एस, टी (फेज) अशी अक्षरे असतात. प्रत्येक वायर कंटिन्युइटीने (मीटरने वायर सलग आहे का ते पाहून) तिच्या अक्षरापर्यंत न्या आणि कागदावर तीन रकाने आखा: मशीनचा रंग, टर्मिनलचे अक्षर, आपला रंग. युरोपीय मशीनचा कागद असा दिसेल: तपकिरी, एल१, लाल. काळा, एल२, पिवळा. करडा, एल३, निळा. निळा, एन, काळा. पॅनेलचा फोटो काढा, पण फोटोवर विसंबून राहू नका, एलईडीच्या प्रकाशात करडा आणि फिकट निळा फोटोत सारखे दिसतात.

एन असे टर्मिनलच नसेल, तर त्या मशीनला न्यूट्रल लागत नाही. आपल्या पुरवठ्याचा उरलेला काळा न्यूट्रल कुठे तरी बसवायचा म्हणून रिकाम्या टर्मिनलला लावू नका. त्याला टोपी घालून बाजूला ठेवा.

पायरी ५: स्लीव्ह घाला, मशीनच्या आत हात घालू नका

मशीनच्या आतले मूळ रंग बदलण्याच्या फंदात पडू नये. उद्या फॉल्ट शोधायला येणारा माणूस कंपनीच्या ड्रॉइंगवरून शोधणार आहे. आपले रंग इनकमर टर्मिनलपर्यंत (जिथे पुरवठा मशीनमध्ये शिरतो) आणि मशीनचे रंग तिथून पुढे, अशी सीमा ठरवा. मशीनची केबल आपल्या पॅनेलपर्यंत येत असेल तर तिच्या दोन्ही टोकांना आपल्या रंगाचे स्लीव्ह घाला. एकाच टोकाला घातले तर गोंधळ दुप्पट होतो. साधी टेप उन्हाळ्यात सुटते, तेलाने निसटते. हीट श्रिंक बसतो तो बसतो. हिरव्या-पिवळ्या वायरीवर स्लीव्ह घालून तिचा फेज किंवा न्यूट्रल कधीही करू नका.

पॅनेलच्या आतले रंग वेगळी भाषा बोलतात, तीही माहीत हवी. आयईसी ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनलेल्या मशीनमध्ये पॉवरच्या सगळ्या वायरी काळ्या असतात, तिन्ही फेज काळेच, फक्त नंबर वेगळे. लाल म्हणजे एसी कंट्रोल, निळी म्हणजे डीसी कंट्रोल. आणि नारिंगी म्हणजे मशीनचा मेन स्विच बंद केल्यावरही जिवंत राहणारी वायर, उदाहरणार्थ पॅनेलच्या दिव्याची. अमेरिकन पॅनेलमध्ये तिथे पिवळीही दिसते. नारिंगी किंवा पिवळी दिसली की ती कुठून येते ते शोधल्याशिवाय पान्हा लावू नका.

पायरी ६: केबल तपासा आणि जोडा

पुरवठ्याची केबल दोन्ही टोकांना मोकळी करून ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक कोअर दुसऱ्याशी आणि अर्थिंगशी तपासा. १ मेगाओहमच्या खाली काहीही असेल तर ती केबल वापरू नका. नवी केबल त्याहून कितीतरी वर दाखवते. मशीन जोडलेले असताना मेगर मारला तर ड्राइव्ह आणि कार्ड जातात.

अर्थिंग सगळ्यात आधी जोडायचे आणि सोडवताना सगळ्यात शेवटी. टर्मिनलपाशी अर्थिंगच्या वायरीला इतरांपेक्षा थोडा जास्त ढील ठेवा. केबल ओढली गेली तर फेज आधी सुटावेत आणि अर्थिंग शेवटी. थ्री फेज मशीनच्या बॉडीला दोन वेगळ्या जागांहून दोन स्वतंत्र अर्थिंग द्या, आपल्या विद्युत सुरक्षेच्या नियमांतच ते आहे.

पायरी ७: पुरवठा देणे

मशीनचा मेन बंद ठेवून फक्त इनकमरपर्यंत पुरवठा आणा. फेज ते फेज तीन वेळा, ४१५ च्या आसपास आणि एकमेकांशी जुळते. प्रत्येक फेज ते न्यूट्रल २३०-२४०. प्रत्येक फेज ते अर्थिंग जवळपास तेवढेच. न्यूट्रल ते अर्थिंग एक-दोन व्होल्ट. न्यूट्रल समजलेल्या वायरीवर अर्थिंगपासून २३० दिसले तर तो फेज आहे, रंग काहीही असो.

आता सिक्वेन्स, म्हणजे तीन फेजचा क्रम. फेज उलटसुलट असतील तर इनकमरवरच्या कोणत्याही दोन फेजच्या वायरी बदलायच्या. पण उलटे आहे हे ओळखायचे कशावरून? स्पिंडल सरळ फिरला म्हणून सिक्वेन्स बरोबर असे समजू नका. स्पिंडल ड्राइव्हवर चालतो आणि ड्राइव्ह आलेल्या एसीचे आधी डीसी करतो, त्याला सिक्वेन्सशी घेणे नाही. कूलंट आणि हायड्रॉलिक पंप मात्र थेट पुरवठ्यावर असतात. म्हणून आधी सिक्वेन्स मीटर लावा, मग हायड्रॉलिकची मोटर क्षणभर चालू-बंद करून पंख्याच्या जाळीतून दिशा बाणाशी ताडून पाहा. हायड्रॉलिक पंप उलटा चालला तर आत तेल पोहोचत नाही आणि तो लवकरच खराब होतो. कोल्ड स्टोरेजमधल्या स्क्रोल कंप्रेसरचेही तसेच: उलटा फिरला की आवाज करतो, प्रेशर बांधत नाही आणि गरम होतो.

शेतीपंपाच्या सहा वायरी

परदेशी नसले तरी रंगाच्या भरवशावर सगळ्यात जास्त मोटरी आपल्याकडे इथे जळतात. स्टार-डेल्टा स्टार्टरवरच्या (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेणाऱ्या) बोअरच्या मोटरीला तीन कोअरच्या दोन चपट्या केबल जातात आणि दोन्हींत लाल, पिवळी, निळी. विहिरीवर जॉइंट मारताना कुठली लाल कुठल्या केबलची हे सुटते.

मोटर पुरवठ्यापासून मोकळी करून सहा टोकांत कंटिन्युइटी पाहा. तीन जोड्या मिळाल्या पाहिजेत, एकेक जोडी म्हणजे एकेका वाइंडिंगची दोन टोके: यू१-यू२, व्ही१-व्ही२, डब्ल्यू१-डब्ल्यू२, आणि तिन्हींचा ओहम सारखा. एका केबलवर फेरूलने १ आणि दुसरीवर २ लिहा. डेल्टामध्ये यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२ आणि डब्ल्यू१ ला व्ही२ असे जुळायला हवे.

दुसऱ्या केबलच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तर मोटर स्टारमध्ये झकास सुरू होते, कारण तिथे ती तिन्ही टोके एकत्रच बांधलेली असतात. डेल्टाला जाताच एका वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना एकच फेज येतो, उरलेल्या दोन वाइंडिंग त्याच त्या दोन फेजांमध्ये पडतात आणि स्टार्टर ट्रिप होतो. मग टायमरला दोष दिला जातो, ओव्हरलोड रिले वाढवून ठेवला जातो आणि मोटर जळते. ‘स्टारला चालते, डेल्टाला पडते’ असे ऐकले की टायमर बदलण्याआधी जॉइंट उघडून जोड्या मोजा. एखाद्या वाइंडिंगची १ आणि २ ही टोकेच उलटी झाली असतील तर मोटर स्टारमध्येच घुमते आणि तीन फेजचे करंट वेगवेगळे येतात.

शेवटचे काम

पायरी ४ मधला तीन रकान्यांचा कागद लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवा. त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘या मशीनचे रंग भारतीय पद्धतीचे नाहीत. निळी वायर न्यूट्रल आहे, काळी फेज आहे.’ ज्या मशीनला जे लागू असेल ते. खाली ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज, इनकमर एमसीबीचे अँपिअर, जोडणीची तारीख आणि मोजलेले आकडे. मशीन आठ-दहा दिवस चालले की पुरवठा बंद करून इनकमरचे सगळे स्क्रू पुन्हा आवळा, बारीक तारांची लवचिक वायर पहिल्या काही दिवसांत दबते आणि न्यूट्रलचा स्क्रू सैल राहिला तर सिंगल फेजच्या भागावर व्होल्टेज वर-खाली होऊन कार्ड जातात.